सुनेचा तुकडा

पाऊस गेला तो दारातून परत फिरलेल्या पाहुण्यासारखा गेला. ना बसला, ना निरोप घेतला. गहू तेव्हा जेमतेम वीतभर वर आला होता. त्यानंतर चाळीस दिवस आभाळ घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखं लख्ख! मळ्यावर विहीर होती, विहिरीवर पंप होता, पण मोजाच्या, म्हणजे पीक मोजून बघायला राखलेल्या, चार तुकड्यांना पाणी द्यायचं नाही असा नियम होता. जे पडेल ते वरूनच पडेल. आणि नियम म्हणजे नियम. इथे गवताच्या काडीचंसुद्धा वजन होत होतं.

हे चार तुकडे म्हणजे त्या सरकारी मळ्याचा जीव. प्रत्येक दहा पावलं लांब, पाच पावलं रुंद, मध्ये बांध. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुण्या थोरल्या साहेबांनी आखून दिले, ते अजून तसेच. पहिल्याला दर वर्षी नुसतं पोत्यातलं रासायनिक खत. दुसऱ्याला नुसतं शेणखत. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला काहीच नाही. पेरायचं, कापायचं, मोजायचं, वहीत लिहायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून तेच.

वहीत त्यांना एक, दोन, तीन, चार असे नंबर. पण दिवसभर ज्याच्या पुढ्यात वाकून खुरपायचं त्याला बायका नंबरानं कशा हाक मारणार? मळ्यावरच्या सगळ्यात म्हाताऱ्या मजूरबाईनं, जिला सगळे आत्या म्हणायचे, फार पूर्वीच त्यांना नावं ठेवली होती. शेणखताचा तो सासरा. सावकाश उठतो, पण बसला की घर धरून बसतो. पोत्याचा तो दीर. पहिली काही वर्षं असा तरारला की बघतच राहावं, आणि मग वर्षागणिक नुसती कुरकुर. दोन्ही खाणारा तो अर्थातच जावई. आणि चौथी सून.

"घालायचं काही नाही," आत्या म्हणायची, "आणि कापणीला मात्र पुढ्यात बसून विचारायचं, काय गं, किती दिलंस?"

बायका खुरपी टाकून हसायच्या. काट्याची बायको हसायची नाही.

काटा म्हणजे तिचा नवरा. त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकातच राहिलं होतं. तेवीस वर्षं या चार तुकड्यांचं धान्य, कडबा, खत, बियाणं, सगळं त्यानं तोललं. काट्यानं सांगितलं म्हणजे झालं, दुसऱ्यांदा तोलायचं नाही, असं आसपासच्या गावांतले व्यापारीसुद्धा म्हणायचे. तुकड्यांना लागूनच असलेल्या खोलीत तो, त्याची बायको आणि दहावीतली मुलगी राहत. पोरीच्या अखंड बडबडीमुळे तिला चिमणी म्हणत. खोलीमागे एक गाय.

त्या दिवशी आत्या बांधावर उकिडवी बसून डोळे बारीक करून बघत होती.

"अगं ए, इकडे ये. हे काय गं बाई?"

"काय झालं?"

"दीर आडवा झाला, आणि सून उभी आहे!"

काट्याच्या बायकोनं कमरेवर हात टेकून पाठ सरळ केली. खरंच होतं. पहिल्या तुकड्यातला गहू खालपासून पिवळा पडून मान टाकत होता. तिथली माती वरून पांढरट, भाजलेल्या विटेसारखी. खुरपं मारलं की ठण्ण वाजायचं आणि कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. पाऊस होता तेव्हाही तिथलं पाणी आत न शिरता बांधाकडे पळून जायचं. सासरा आणि जावई अजून हिरवे होते. त्यांच्यात बोट खुपसलं तर दुसऱ्या पेराला ओल लागत होती. ते दर वर्षीचंच. पण चौथा? चौथ्यानं तर सगळ्यांच्या आधी करपायचं. तो पाती मिटून, अंग चोरून, पण उभा होता. खोलीच्या बाजूनं तर चक्क हिरवा होता.

"यंदा सूनबाई अंगानं भरली," आत्या म्हणाली. "गुपचूप काय खातेय कोण जाणे."

सगळ्या खो खो हसल्या.  काट्याची बायको मात्र पटकन खाली वाकली आणि नव्हतं तिथलं गवत खुरपू लागली.

कारण सून काय खातेय हे फक्त तिला ठाऊक होतं.

लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तीही नवी सून होती. खोलीच्या भिंतीची सावली दुपारी चौथ्या तुकड्याच्या बांधावर पडायची, म्हणून सगळी माणसं तिथेच बसून डबे सोडायची. तिला घास उतरेना. उपाशी माणसासमोर बसून जेवू नये, एवढं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. माणूस म्हणजे काय आणि माती म्हणजे काय, हे काही आईनं वेगळं करून सांगितलं नव्हतं. चवड्याएवढी रोपं, त्यांना ओंब्या म्हणजे दातात अडकतील एवढ्या. एका सकाळी गाईखालचं शेण काढून झाल्यावर तिनं पाटीच्या तळाला चिकटलेलं तेवढं तिथे झटकलं. आभाळ कोसळलं नाही. पुढच्या पेरणीआधी अर्धी पाटी. मग एक. मग दोन. नवरा भांडाराकडे गेला की हातासरशी पाटी उलटी करून मातीत कालवायची. अशी एकोणीस वर्षं.

मोजाच्या शेणखताच्या ढिगातलं तिनं कणभर घेतलं नाही. तो ढीग नवऱ्यानं तोललेला, त्याला हात लावणं म्हणजे चोरी. हे घरच्या गाईचं होतं. चारमध्ये काही टाकायचं नाही हे तिला माहीत होतं, पण ती साहेबलोकांची कंजुषी असेल असं तिला वाटायचं. नवऱ्याला का नाही सांगितलं? पहिल्या वर्षी, यात सांगण्यासारखं काय आहे म्हणून. आणि पुढे, इतकी वर्षं नाही सांगितलं ते आता कोणत्या तोंडानं सांगायचं म्हणून.

कापणी झाली. चार तुकड्यांच्या पेंढ्या चार ताडपत्र्यांवर. मळणीच्या वेळी काटा कुणाला ताडपत्रीवरून चालूसुद्धा द्यायचा नाही. बायका आपापले पाय झटकून, साडीचे घोळ झटकून मगच उठायच्या. एका तुकड्याचा दाणा दुसऱ्यात गेला तर? तो गुडघ्यांवर बसून कुंच्यानं शेवटचा दाणा गोळा करायचा. त्याच्या गुडघ्यांना उंटासारखे घट्टे पडले होते. आत्या म्हणायची, "देवापुढे नाही टेकले इतके काट्यापुढे टेकले यानं."

मग तोलायची वेळ. काट्यानं नेहमीसारखं आधी रिकामं पारडं बघितलं. फुंकर मारली. पुन्हा बघितलं.

"तीन नंबर. चौदा किलो दोनशे."

भांडारवाला वहीत लिहीत होता. भांडाराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला, आणि जीभ सदा मोकळी.

"दोन नंबर. अकरा सातशे."

"एक नंबर. पाच नऊशे." इथे जरा कुजबुज झाली. दीर इतका खाली कधीच आला नव्हता.

"चार नंबर." काटा थांबला. त्यानं पारडं रिकामं केलं. काट्याच्या दांडीवरचा सरकता गोळा पुसला. पुन्हा दाणे ओतले. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला त्याच्या मानेवरची शीर उडताना दिसली.

"बोल की," भांडारवाला म्हणाला. "का सूनबाई लाजतेय?"

"सात किलो शंभर."

कुणी हसलं नाही. पोटभर खत खाल्लेल्यापेक्षा, पंचेचाळीस वर्षं उपाशी असलेल्या तुकड्यानं जास्त दिलं होतं. काट्यानं पाच वेळा तोललं. पाचही वेळा सात किलो शंभर.

मळ्याच्या नव्या साहेब, म्हणजे मॅडम, आठ महिन्यांपूर्वीच आल्या होत्या. चिमणीपेक्षा फार तर बारा वर्षांनी मोठ्या. त्यांनी वर्षानुवर्षांच्या वह्या मांडल्या आणि काटा व त्याची बायको, दोघांनाही बोलावलं, कारण मळणीच्या वेळी चारच्या ताडपत्रीवर तीच होती. ऑफिसात दुसरी खुर्ची होती, पण दोघं उभीच राहिली.

"काका, पोती अदलाबदल झाली असतील का?"

"माझ्या हातून?"

"चूक कुणाच्याही हातून होते. नाहीतर..." मॅडमनी वहीत बोट ठेवलं. "चार नंबर कमी कमी व्हायला हवा. हा दहा-बारा वर्षं हळूहळू वाढतोय. आधीच्या साहेबांनी लिहिलंय, कारण कळत नाही. मला वरच्या ऑफिसला उत्तर द्यायचंय. ते एकच विचारतील, तोलतो कोण?"

भांडारवाला दारात टेकून उभा होता. "काटा गंजला असेल, मॅडम. वयच आहे."

काट्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही. "तेवीस वर्षं," एवढंच तो म्हणाला.

"मातीचे नमुने काढू उद्या," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. "तोवर तुम्ही तोलू नका. रागावू नका, काका. तपास चालू असताना तसंच करावं लागतं."

म्हणजे काटा काट्यावरून उतरला. ही बातमी ते दोघं खोलीपर्यंत पोहोचायच्या आत मळाभर झाली होती.

संध्याकाळी तो भिंतीला टेकून बसला आणि चिमणीला म्हणाला, "घरातलं काहीतरी आण. वजन लिहिलेलं. मला दाखवू नकोस."

चिमणीला आधी गंमतच वाटली. तिनं साबणाची वडी आणली, मिठाची पिशवी आणली, अर्धा संपलेला डाळीचा पुडा आणला. शेजारच्या दुकानात जाऊन तो तोलूनसुद्धा आणला. तो डोळे मिटून तळहातावर घ्यायचा, क्षणभर हात हलवायचा.

"शंभर ग्रॅम. जरा झिजलीय, नव्वद."

"बरोबर!"

"किलो."

"बरोबर! बाबा, जादूगारच तुम्ही!"

"तीनशे... तीनशे वीस."

"तीनशे पंचवीस! पाचच ग्रॅम चुकलं हो!" चिमणीनं टाळ्या वाजवल्या, आणि मग बापाचा चेहरा बघून तिचे हात तसेच राहिले.

"मग चूक कुठे आहे?" तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "हात खोटा नाही, काटा खोटा नाही. मग मी कुठे खोटा आहे?"

चुलीपाशी त्याची बायको ओलं लाकूड फुंकत होती. धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं तरी कुणी विचारत नाही, एवढी सोय असते चुलीची.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

तिनं तोंड उघडलं. "काही नाही. पान वाढते."

तो जेवला नाही. तिनं वाढलेलं तसंच झाकून ठेवलं, आणि तिलाही घास गेला नाही.

सकाळी मॅडमनी त्याच्याच हातात कुदळ दिली. दुसरा माणूस नव्हता म्हणून दिली, मुद्दाम नाही, पण बघणाऱ्यांना काय? पलीकडे भांडारवाला काट्यावर बैलांचा कडबा तोलत होता आणि मोठ्यानं आकडे सांगत होता. काटा खाली मान घालून खणत होता. बायको पिशव्या धरून मागे उभी होती.

एक नंबरला कुदळ आपटून उसळली. चार घाव घातल्यावर एक खपली निघाली, फरशीसारखी, सपाट. मॅडमनी ती हातात घेऊन मोडली, तर ती काचेसारखी मोडली. आत ना मूळ, ना जीव. "वर्षानुवर्षं नुसतं खत," त्या पुटपुटल्या. "जेवण नाही, नुसती औषधं." दोन नंबरची माती भुसभुशीत, काळसर, हातातून सांडणारी. तीनची तशीच, आणि मुळं तर वेणीसारखी दाट.

मग चार नंबर. पहिला खड्डा लांबच्या टोकाला. फिकी, दुबळी माती, उपाशी माणसाच्या कातडीसारखी. मॅडमनी मान हलवली. हे असंच असायला हवं होतं.

"आता या बाजूला."

म्हणजे खोलीच्या बाजूला. काट्याच्या बायकोच्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या. तिनं त्या उचलल्या नाहीत.

कुदळ आवाज न करता आत गेली. लोण्यात जावी तशी. त्यानं ढेकूळ उलटलं. वरची चार बोटं माती काळीभोर, आणि त्यातून एक गांडूळ, चांगलं पोसलेलं, उन्हाला त्रासून वळवळत मातीत परत शिरू लागलं.

काटा उकिडवा बसला. त्यानं ती माती चिमटीत घेतली, चोळली, नाकाशी नेली. मग त्यानं मान वर केली आणि सरळ बायकोकडे बघितलं.

"मी घातलं," ती म्हणाली. मॅडमना नव्हे, त्याला. "आपल्या गाईचं. मोजातलं नाही हो, शपथ, मोजातलं एक चिमूटभर नाही."

"मावशी, काय घातलंत?" मॅडमचा आवाज चिरकला. "कधी?"

"दर पेरणीआधी. एकोणीस वर्षं."

"पण का?"

ती पदराचं टोक पिळत राहिली. "सून आहे ती, मॅडम," ती शेवटी म्हणाली. "सगळ्यांना वाढायचं आणि तिच्या पुढ्यात बसून जेवायचं..."

मॅडमना ते कळलं नाही. काट्याला कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तेच जास्त वाईट होतं.

"रिकामं पारडं," तो हळूच म्हणाला. "तोलायच्या आधी मी काय बघतो? रिकामं पारडं. ते सरळ असलं तरच पुढचं सगळं खरं. हा तुकडा रिकामं पारडं होता गं. याला काही मिळत नाही म्हणून कळायचं, की शेणानं किती दिलं, खतानं किती दिलं. तू त्या पारड्यात एकोणीस वर्षं हात ठेवून उभी होतीस."

"म्हणजे बाकीच्या तिघांचंही...?" तिनं विचारलं.

"तिघांचंही," मॅडम म्हणाल्या. त्या बांधावर बसल्या होत्या, स्वच्छ कपड्यांनिशी, मातीत. "सगळी तुलना याच्याशीच होती."

ती त्याच्याकडे वळली. "तुमच्यावरचा आळ तर गेला ना?"

त्यानं विचारलं, "किती पाट्या?"

"कधी एक, कधी दोन."

"भरून? की वरून दाबून? ओलं की सुकं?"

"ते कुठे..."

"तोललं होतंस?" त्याचा आवाज प्रथमच चढला, आणि लगेच खाली आला, जवळजवळ विनवणीवर. "एकदा तरी? एका वर्षी तरी? घरात काट्याचा माणूस असून एकदा तरी तोललंस का?"

दयेला काटा लावायचा असतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी वरच्या ऑफिसचा कागद आला. प्रयोग बंद. बांध मोडून जागा बियाण्याच्या शेताला जोडावी. काट्याविरुद्ध काही नाही, त्यानं कामावर परतावं. तो कागद मॅडमनी स्वतः खोलीवर आणून दिला. "मी खूप लिहिलं त्यांना," त्या म्हणाल्या. "ते म्हणतात, आकडा नाही तर काही नाही."

आत्यानं काट्याच्या बायकोच्या पाठीवर हात ठेवला. "पुण्यच केलंस गं. भुकेल्याला घातलंस." आत्याचा हात पाठीवर होता तोवर तिला श्वास घेता येईना.

काटा भांडारात जाऊ लागला. तोलायचा, पण आकडा सांगून झाल्यावर समोरच्याकडे बघत राहायचा, समोरचा मान डोलवतो का म्हणून. घरात तो कामापुरतं बोलायचा. ओरडला असता तर बरं झालं असतं. चिमणीसुद्धा घरात आवाज खाली ठेवून बोलायला शिकली, आणि ते ऐकवत नव्हतं.

ट्रॅक्टर आला तो रविवार होता. त्यानं दिराच्या बांधापासून सुरुवात केली. काट्याची बायको दाराशी उभी राहून बघत होती, तेवढ्यात नवरा भांडारातला जुना काटा खांद्यावर घेऊन आला. गोठ्याच्या आढ्याला त्यानं तो टांगला. खाली रिकामी पाटी अडकवली. फुंकर मारली. बघितलं. मग खिशातून कागद आणि पेन्सिल काढून तो पालथ्या बादलीवर बसला.

"भर," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्या वर्षी घातलंस तेवढं."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता, रागानंही बोलत नव्हता. "अहो, आता हे कोण घेणार? मॅडम म्हणाल्या ना..."

"भर."

तिनं शेणाच्या ढिगातून हातानं थोडं घेतलं, पाटीच्या तळाला चोपडलं. "पहिल्यांदा नुसतं चिकटलेलं होतं. एवढंच."

त्यानं तोललं, लिहिलं. "दुसरं."

तिनं अर्धी भरली. मग थोडं काढलं. मग परत घातलं. हात कोपरापर्यंत बरबटले होते. खरंच एवढं होतं का? हाताला आठवेना. तिनं ते सांगितलं नाही. त्यानं लिहिलं.

"तिसरं."

ट्रॅक्टरनं सासऱ्याचा बांध फोडला. काळ्या मातीचा वास गोठ्यापर्यंत आला. चिमणी दारात येऊन उभी राहिली होती, एक शब्द न बोलता.

"चौथं."

"चौथ्या वर्षी..." ती थांबली. "त्या वर्षी हिचा जन्म झाला. मी बाळंतीण होते. पेरणीआधी मला खाटेवरून उठूच दिलं नाहीत तुम्ही." तिनं रिकामी पाटी काट्याला अडकवली आणि हात मागे घेतला. "त्या वर्षी ती उपाशी राहिली."

पारडं सरळ उभं राहिलं. त्यानं बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. मग कागदावर शून्य काढलं, नीट, गोल.

बाहेर ट्रॅक्टर चार नंबरमध्ये शिरला. त्यानं वर पाहिलं नाही.

"पाचवं," तो म्हणाला.

ती ढिगापाशी बसली आणि भरू लागली.